मैत्रीची साक्ष : नटांच्या आठवणी आणि मराठी ग्रंथ

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण प्रथमपासूनच उभी असते. नाटकाची संहिता छापील मिळते, पदांच्या चाली ध्वनिमुद्रिकांतून ऐकता येतात. परंतु नटाने एखादी भूमिका उभी कशी केली याचा पुरावा मात्र पडदा पडताच नाहीसा होतो. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. त्यांचा आवाज तबकड्यांनी राखला हे खरे. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसे. रंगमंचावर प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'ला मान देत रंगत जाणारे पद तेवढ्यात मावणे शक्यच नव्हते. 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' (१९३५) या बोलपटात ते दिसतात, तेही संत एकनाथांच्या पुरुषभूमिकेत. ज्या भामिनीने, रुक्मिणीने आणि सिंधूने महाराष्ट्राला आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला वेड लावले, त्यांचे रंगमंचावरील रूप पाहणाऱ्यांच्या मनातच राहिले. बालगंधर्वांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. अशा वेळी इतिहासाला आधार उरतो तो सहकाऱ्यांच्या आणि स्नेह्यांच्या आठवणींचा.

हा आधार मराठीला लाभला, याचे श्रेय प्रथम गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या दोघांना द्यावे लागेल. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, तेव्हापासून बोडसांचा आणि त्यांचा रंगभूमीवरील सहवास सुरू झाला. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्व भामिनी होते, बोडस लक्ष्मीधर होते आणि नाटकातील पदांना चाली होत्या टेंबे यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची चिमुकली मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे १९१३ साली या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. एक गायक नट, एक गद्य अभिनयाचा धनी आणि एक संगीतकार असा हा दुर्मीळ योग होता.

या मंडळीला बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचा आश्रय लाभला. त्यामुळेच मराठी नाट्येतिहासातील एक मोठी तारीख बडोद्याच्या नावावर जमा आहे. २० फेब्रुवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. नाटककार तो पाहू शकले नाहीत. अवघ्या अठ्ठावीस दिवसांपूर्वी, २३ जानेवारीस, त्यांचे निधन झाले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. बोडसांनी सुधाकर उभा केला, बालगंधर्वांनी सिंधू. भरजरी शालूंसाठी ख्याती पावलेला नट या नाटकात दारिद्र्याने पिचलेल्या गृहिणीच्या साध्या वस्त्रांत उभा राहिला. ज्यांनी हा प्रयोग पाहिला त्यांच्यापैकी आज कोणी उरलेले नाही. मद्याच्या आहारी जाऊन क्रमाक्रमाने ढासळणारा पती आणि त्याच्यासाठी झिजणारी पत्नी या दोन भूमिकांचे नाते ज्याने आतून अनुभवले, असा साक्षीदार म्हणजे समोरचा नटच होय.

मात्र मैत्री आणि भागीदारी या दोन गोष्टी एकत्र नांदणे कठीण असते. टेंबे काही काळाने मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज संगीत मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. मंडळीचा भार एकट्या बालगंधर्वांवर आला आणि वैभवाबरोबर कर्जही वाढत गेले. म्हणजे ज्या दोघांनी लेखणी हाती घेतली, ते दोघेही घर सोडून गेलेले भागीदार होते. त्यांच्या ग्रंथांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

बोडसांचे 'माझी भूमिका' हे आत्मचरित्र १९४० साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी बालगंधर्व हयात होते आणि मराठी प्रेक्षक त्यांना दैवत मानीत होता. अशा माणसाविषयी जुन्या सोबत्याने लिहायचे म्हणजे दुहेरी संकट. मनात असेल ते मोकळेपणाने लिहावे तर कृतघ्नपणाचा आरोप यायचा, आणि गोड तेवढेच लिहावे तर इतिहासाशी प्रतारणा व्हायची. ग्रंथाच्या नावातील 'भूमिका' हा शब्द म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो. रंगभूमीवर वठवलेले पात्र हा तिचा एक अर्थ, आणि आपली बाजू हा दुसरा. टेंबे यांनी 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) आणि 'माझा जीवनविहार' (१९४८) या ग्रंथांतून आपला काळ टिपला. त्यांची दृष्टी मुख्यतः संगीतकाराची आणि रसिकाची आहे. एकाच नटाकडे पाहणारे असे दोन निरनिराळे डोळे इतिहासकाराला क्वचितच मिळतात.

याच परंपरेतील तिसरा मोठा ग्रंथ म्हणजे चिंतामणराव कोल्हटकरांचा 'बहुरूपी' (१९५७). १९१८ साली कोल्हटकर, गोमंतकातील मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका समोरासमोर उभी ठाकली. दीनानाथ १९४२ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. 'बहुरूपी' प्रसिद्ध झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, आणि १९५८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नटाच्या आत्मचरित्राला वाङ्मयाचा हा मान मिळाला, ही घटना लहान नव्हे. दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, कोल्हटकरही निवर्तले. हे लेखन आणखी थोडे लांबणीवर पडते तर काय हरवले असते, याची कल्पना यावरून यावी.

प्रत्येक कलावंताच्या हाती लेखणी असतेच असे नाही. हंसा वाडकर यांनी आपली जीवनकथा सांगितली, ती अरुण साधू यांनी शब्दबद्ध केली आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक झाले. सांगणाऱ्याइतकेच ऐकून उतरवणाऱ्याचेही महत्त्व या पुस्तकाने मराठी वाचकास पटवून दिले.

अशा आठवणींना पुरावा म्हणून वापरताना सावधगिरी हवीच. वीस-तीस वर्षांनंतर तारखा सरमिसळ होतात, गेलेल्या मित्राविषयीचे प्रेम त्याचे दोष झाकते आणि जुना व्यवहारी सल त्याचे गुण खुजे करतो. म्हणून एक आठवण दुसरीशी, आणि दोन्ही आठवणी जाहिराती, हस्तपत्रके व तत्कालीन वृत्तपत्रे यांच्याशी ताडून पाहाव्या लागतात. पण ताडून पाहण्यासाठी ती सारी साधने कोठेतरी एकत्र असली पाहिजेत, आणि येथेच ग्रंथालयाचे स्थान लक्षात येते. ज्या सयाजीराव महाराजांनी नाटक मंडळीला आश्रय दिला, त्यांनीच १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालास बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. नाटक आणि ग्रंथ यांचा संबंध त्या द्रष्ट्या राजास उमगला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांत अशी कित्येक पुस्तके जुन्या बांधणीत, झिजलेल्या पानांनिशी उभी आहेत. काहींच्या नव्या आवृत्त्या निघतील, काहींच्या निघणारही नाहीत. एका नटाविषयी त्याच्या मित्राने दिलेली साक्ष जिवंत ठेवायची असेल, तर ते पुस्तक कपाटात सुरक्षित असणे पुरेसे नाही. एखाद्या सभासदाने ते मागून घेऊन वाचलेही पाहिजे.