राजाऐवजी कोंबडी : आयर्लंडची नाणी

नाणी जमवणारे पुष्कळ भेटतात. पण जगभरातली नाणी जमवायला घेतली की डबा तेवढा भरतो, डोक्यात काही शिरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून मी एकच देश धरला, आयर्लंड. सोसायटीतली मुलं विचारतात, "काका, आयर्लंडच का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

१९२२ साली आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं, पण लोकांच्या खिशात नाणी इंग्लंडच्या राजाचीच राहिली. १९२६ मध्ये नाण्यांचा कायदा झाला आणि नव्या नाण्यांसाठी समिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष कोण? कवी डब्ल्यू. बी. येट्स! टागोरांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला प्रस्तावना लिहिणारे तेच हे. त्यांना १९२३ चं नोबेल मिळालं होतं आणि ते तेव्हा सिनेटर होते. नाण्यांच्या समितीवर कवी बसवणारं सरकार मला तरी दुसरं माहीत नाही.

अटी थोड्या होत्या. एका बाजूला हार्प हे तंतुवाद्य, अक्षरं शक्यतो आयरिश भाषेत, आणि अलीकडच्या कुणाही माणसाचा चेहरा नको. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. नुकतंच यादवी युद्ध होऊन गेलं होतं. एकाचा चेहरा छापला असता तर दुसरा पक्ष भडकला असता. कोंबडीवरून कोण भांडणार? देश शेतीवर आणि गुराढोरांवर जगणारा, तेव्हा प्राणीच घ्यायचे ठरले.

अनेक देशांच्या शिल्पकारांकडून नमुने मागवले गेले आणि निवड झाली पर्सी मेटकाफ यांची. हे गृहस्थ इंग्रज! काम चांगलं म्हणून इंग्रजालाच दिलं, हे मला त्या समितीचं मोठेपण वाटतं. १९२८ मध्ये आठ नाणी आली. फार्दिंगवर वुडकॉक पक्षी, अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण, पेनीवर पिल्लांसह कोंबडी, तीन पेन्सवर ससा, सहा पेन्सवर वुल्फहाउंड जातीचा शिकारी कुत्रा, शिलिंगवर बैल, फ्लोरिनवर सॅमन मासा आणि अर्ध्या क्राउनवर घोडा. शेतकी खात्याने बैल आणि डुकरांच्या बांध्यावर हरकती घेतल्या आणि चित्रं बदलावी लागली. धर्माची एकही खूण नाही म्हणून काही लोक चिडले, ते वेगळंच.

घोड्याचं नाणं हातात घेतलं की मी थांबतोच. व्यास बत्तीस मिलिमीटरच्या वर आणि चांदी शेकडा ७५. त्याच काळात इंग्लंडच्या नाण्यांत चांदी निम्मीच असे. म्हणजे राज्यकर्त्यांपेक्षा नवख्यांचा रुपया खणखणीत! १९४३ नंतर मात्र चांदी गेली. त्या वर्षाचे फ्लोरिन आणि अर्धे क्राउन बहुतेक वितळवले गेले, म्हणून ते दुर्मिळ आहेत. माझ्याकडे नाहीत आणि होणारही नाहीत, भाव ऐकूनच घाम फुटतो. १९५१ पासून तांबं-निकेलची नाणी आली.

आपल्याकडे १९५० मध्ये राजाचं डोकं जाऊन अशोकाचे सिंह आले, तेव्हा आण्यावर बैल आणि पैशावर घोडा होता, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. आपला बैल आणि घोडा सारनाथच्या स्तंभावरून आले, त्यांचे गोठ्यातून. फरक एवढाच.

माणसाचा चेहरा न ठेवण्याचा नियम १९६६ मध्ये मोडला. १९१६ च्या उठावाला ५० वर्षं झाली म्हणून पॅट्रिक पिअर्स यांचं चांदीचं दहा शिलिंगांचं नाणं काढलं. ते लोकांच्या व्यवहारात काही रुळलं नाही आणि त्यातली पुष्कळ नाणी सरकारने परत घेऊन वितळवली. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली (आपल्याकडे ती १९५७ लाच आली होती), तेव्हा कोंबडी, ससा, डुकरीण गेले. बैल आणि सॅमन टिकले, घोडा १९८६ मध्ये वीस पेन्सवर परत आला. २००२ मध्ये युरो आला आणि सगळीच जनावरं गेली; हार्प मात्र आयरिश युरोवर आजही आहे.

एक सूचना नवशिक्यांसाठी. जुनं नाणं चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करू नका. वरचा काळसर थर हेच त्याचं वय. तो गेला की किंमतही जाते. नाणं कडेला धरावं, तोंडावर बोट ठेवू नये.

आयर्लंडची सेंट्रल बँक ही जुनी नाणी आजही बदलून युरो देते, मुदत ठेवलेली नाही. माझी काही बदलायची नाहीत. ज्यांना बघायची असतील त्यांनी रविवारी दहानंतर जरूर यावं. भिंग माझ्याकडे आहे, हात तेवढे कोरडे असू द्या.