सुगरणीचा विणकर

भिवंडी हें विणकरांचें गांव. कामवारी नदीच्या काठच्या या वस्तींत पूर्वीं हातमाग चालत. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून त्यांच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले, आणि पुढें धोट्यांचा खडखडाट हीच गांवाची ओळख होऊन बसली. परंतु ठाणें जिल्ह्याच्या भातखाचरांत या सर्व मागांच्या कितीतरी आधींपासून दुसराच एक विणकर आपला धंदा करीत आला आहे. त्याला ना माग, ना धोटा. एक चोंच आणि दोन पाय एवढ्या भांडवलावर तो मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं कामाला बसतो, आणि विहिरीवर झुकलेल्या ताडाच्या झांवळ्यांना उलट्या सुरईसारखीं घरटीं लोंबूं लागतात. या पक्ष्याला मराठींत सुगरण म्हणतात. नांव मोठें गोड आहे. मात्र त्यांत एक जुनी चूक दडलेली आहे.

सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी. ज्या गृहिणीच्या हाताला चव आणि कामाला नेटकेपणा तिला तो शोभतो. इतकें सुबक घर पाहून तें कोणा मातेनें लेंकरांसाठीं बांधलें असावें, असें लोकांना वाटलें तर त्यांत नवल नाहीं. बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्यांतील या पक्ष्यावरची रचना शाळाशाळांतून पाठ झाली, आणि तींतही कारागिरीचें सारें श्रेय मातेलाच आहे. काव्य म्हणून तें खरेंच आहे. त्याला पक्षिशास्त्राची फूटपट्टी लावणें हा अरसिकपणा होईल. परंतु जुने पक्षिनिरीक्षकही याहून फारसे पुढें गेले नव्हते. नर आणि मादी मिळून घर विणतात, असा पुष्कळांचा ग्रह होता. बरींचशीं घरटीं अर्धींच राहतात. तीं नरानें झोके घेण्यासाठीं केलेलीं असतात, असें सांगत. आंत मातीचे गोळे आढळतात, तेव्हां त्यांवर काजवे चिकटवून हे पक्षी रात्रीं दिवा लावतात, हीही कथा घरोघर प्रसिद्ध होती.

या समजुतींचा उलगडा झाला तो समुद्रकांठच्या एका सुट्टीच्या घरीं, आणि केला तो नोकरी गेलेल्या एका गृहस्थानें.

मुंबई बंदराच्या दक्षिणेस पाणी ओलांडलें कीं अलिबागचें अष्टागर लागतें. नारळी-पोफळींच्या वाड्या, समोर समुद्रांत खांदेरी-उंदेरीचे किल्ले, आणि मैलोगणती मऊ वाळू. यांतलेंच किहीम हें एक गांव. मुंबईच्या सुखवस्तु कुटुंबांना ‘हवापालट’ हा शब्द प्रिय झाला त्या काळांत कोणी माथेरानला जात, कोणी या किनाऱ्यावर येत. येथें हॉटेलें नव्हतीं, खानसामे नव्हते. तांदूळ, चहा, साखर, घासलेटचे कंदील हें सारें बिऱ्हाड बरोबर न्यावयाचें. मासळी कोळणीकडून दारांत घ्यावयाची. पाणी विहिरीचें, आणि चूल आपली आपण पेटवावयाची. शहरांत ज्यांनीं कधीं भांडें उचललें नाहीं, त्यांनाही अशा घरीं आलें म्हणजे कामाचा उत्साह येतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे.

किहीमला ज्यांचीं अशीं घरें होतीं त्यांत तय्यबजी कुळ प्रमुख. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी हे याच कुळांतले. या घराण्यांत एक मोठी लोभस चाल होती. घरोघर ‘अखबार’ नांवाची एक वही ठेवीत, आणि घरांतील लहानथोरांनीं, इतकेंच काय, पाहुण्यांनींही दिवसाच्या घडामोडी तींत लिहावयाच्या. कोण आलें, कोण आजारी पडलें, जेवणाचा बेत काय होता, सर्व कांहीं. पाहिलेलें त्याच दिवशीं कागदावर उतरविण्याची ही शिस्त ज्या कुळांत होती, त्याच कुळाच्या छायेंत एका पोरक्या भाच्याचें बालपण गेलें. त्याचें नांव सालिम अली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईबाप लहानपणींच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांस खेतवाडींत वाढविलें. छर्‍याच्या बंदुकीनें पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलार्डसाहेबांकडे गेला, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यापुढचा काळ मात्र तितका सुखाचा नव्हता. विद्यापीठाची पदवी हातीं नव्हती. ब्रह्मदेशांतला धंदा टिकला नाहीं. १९२६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या प्राणि-विभागांत मार्गदर्शक-व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकले. १९३० सालीं परत येऊन पाहतात तों पैशाच्या टंचाईमुळें ती जागाच रद्द झालेली! वय तेहतीस, पत्नी पदरीं, आणि विद्या अशी कीं जिला बाजारांत गिऱ्हाईक नाहीं. शहराचा खर्च झेपेना, म्हणून सालिम अली आणि तहमिना बेगम किहीमला जाऊन राहिले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. किहीमला माणसें जात तीं हिंवाळ्यांत किंवा मे महिन्याच्या सुट्टींत. पाऊस जवळ आला, दर्या खवळूं लागला, कीं घरांना कुलुपें लावून मंडळी मुंबईस परतत. आणि सुगरण पक्ष्यांचा संसार सुरू होतो तो नेमका त्यानंतर. हवापालटास येणाऱ्यांना दिसत असत तीं वाळलेलीं, रिकामीं घरटीं. विणकर कामावर असे तेव्हां पाहणारा कोणी नसे. ज्याला परतून जाण्यासारखी कचेरी उरली नव्हती, असाच मनुष्य त्या पावसांत तेथें राहणार होता. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. सालिम अली दिवसचे दिवस तिच्याकडे डोळे लावून बसले आणि एकेका घरट्याची हकीगत टिपीत गेले.

त्यांना काय दिसलें? विणणारा सर्वस्वीं नर. विणीच्या दिवसांत त्याच्या माथ्यावर पिवळाजर्द रंग चढतो, डोळ्यांभोंवतीं काळसर मुखवटा येतो. भाताच्या किंवा ताडाच्या पात्याच्या कडेला तो चोंचीनें खांच पाडतो, तें टोंक धरून उडतो, आणि त्याबरोबर पात्याची लांब चीर सुटून येते. २० पासून ६० सेंटिमीटरपर्यंत. एका घरट्यासाठीं अशा शेंकडों खेपा होतात. आधीं फांदीला गांठी मारून एक कडें करावयाचें, मग त्यावर घुमट चढवावयाचा. सुमारें आठ दिवसांत घर टोपाच्या आकाराला येतें, आणि येथें विणकर थांबतो. आतां परीक्षा आहे. माद्यांचा थवा वसाहतीवर उतरतो. त्याबरोबर सारे नर आपापल्या टोपाखालीं लोंबकळून पंख फडफडवितात आणि एकच कलकलाट करतात. मादी आंत शिरते, वीण ओढून पाहते, गांठ तपासते. पसंत नसलें तर उडून जाते, आणि कुणालाच न रुचलेलें तें घर अर्ध्यावरच टाकलें जातें. झोपाळ्याचें रहस्य काय तें एवढेंच! भिवंडीचा कोणताही कारागीर हें दुःख ओळखील. माल गिऱ्हाइकाच्या नजरेला उतरला नाहीं म्हणजे मेहनतीचा हिशेब कोणी विचारीत नाहीं.

पसंती पडली कीं नर अंड्यांची खोली आणि खालीं उतरणारी लांब नळी पुरी करतो. सारें मिळून अठरा दिवसांचें काम. नंतर मात्र तो या संसारांत फारसा रमत नाहीं. शेजारींच दुसरें घर विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. जमलें तर तिसरीची. आंतली डागडुजी, अंडीं उबविणें, आणि पिलांचा बराचसा सांभाळ, हें मादीच्या वांट्याला. तेव्हां सुगरण हें नांव अगदींच अस्थानीं नाहीं, असें म्हणावयास जागा आहे. घर तिनें विणलें नसेल. पण तिच्या पारखीला न उतरलेलें घर पुरें होत नाहीं, आणि त्याला घरपण येतें तेंही तिच्यामुळेंच.

हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकांत १९३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि पदवी नसलेल्या या माणसाचें नांव पक्षिशास्त्रज्ञांत झालें. नोकरी त्यामुळें मिळाली नाहीं. खर्च तेवढा द्या, मेहनताना नको, अशा अटीवर त्यांनीं संस्थानिकांकडे पक्षिगणनेचें काम मागितलें. हैदराबाद संस्थानानें तें दिलें, आणि पुढचीं कित्येक वर्षें रानोमाळ गेलीं. या भटकंतींत तहमिना बेगम जोडीनें तंबूंत राहिल्या, संसार त्यांनींच सांभाळला. १९३९ सालीं एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. दोनच वर्षांनीं, १९४१ मध्यें, सालिम अलींचें भारतीय पक्ष्यांवरचें प्रसिद्ध पुस्तक निघालें.

पाऊस सरला कीं विणकर आणि पिलें मोठ्या थव्यांनीं शेतांत उतरतात. भिवंडीकडे त्यांतलीं पुष्कळ खाचरें आतां भरणी घालून बुजविलीं गेलीं आहेत आणि त्यांवर मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. किहीमला मात्र थंडी पडूं लागली कीं घरांचीं कुलुपें पुन्हां निघतात, अंगणें झाडलीं जातात. त्याच सुमारास झाडांवरच्या रिकाम्या घरट्यांतही नवे रहिवासी दिसूं लागतात. पांढऱ्या कंठाच्या मुनिया हे इवलेसे पक्षी सुगरणीच्या सोडलेल्या घरांत बेलाशक बिऱ्हाड थाटतात, आणि त्यांतच आपलीं अंडीं घालतात.