किआंतीचे पांढरे रस्ते

इटलीतील सिएना आणि फ्लॉरेन्स या दोन जुन्या नगरांच्या दरम्यान किआंती नावाचा डोंगराळ मुलूख आहे. टेकडीमागून टेकडी, उतारावर द्राक्षांचे मळे, मधूनमधून ऑलिव्हची झाडे, आणि त्यांतून वळणे घेत जाणारे खडीचे रस्ते. तेथला चुनखडीचा दगड फोडून पसरला म्हणजे रस्ता उन्हात पिठासारखा पांढरा दिसतो. म्हणून लोक त्यांना पांढरे रस्तेच म्हणतात. १९९७ साली गायोले या गावी जानकार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थाने या रस्त्यांवर सायकलींची एक यात्रा भरविली. नाव ठेविले 'एरोइका', म्हणजे वीरांची. पहिल्या वर्षी ९२ स्वार आले. पुढे हजारोंनी येऊ लागले. अट अशी की, सायकल १९८७ पूर्वीच्या घडणीची हवी. सर्वांत लांब मार्ग २०० किलोमीटरांहून अधिक, आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग खडीचा. २००७ पासून याच धर्तीवर व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही सुरू झाली. ती सिएनाच्या भर चौकात संपते. ब्रोची यांचा हेतू उघड होता: उरलेले पांढरे रस्ते डांबरापासून वाचवावयाचे.

हेतू चांगलाच आहे. परंतु मजुरांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथे निराळाच प्रश्न पडतो. मिलानपासून नेपल्सपर्यंतचा सूर्यमार्ग हा महामार्ग ज्या देशाने १९६४ च्या ऑक्टोबरात पुरा केला, त्याच देशाच्या ऐन मध्यावर हे रस्ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत खडीचे कसे राहिले? वारसा जपावा म्हणून कोणी ते राखले नव्हते. त्याचे उत्तर जमिनीच्या व्यवहारात आहे.

किआंतीत शेकडो वर्षे 'मेझाद्रिया' नावाची पद्धत होती. आपल्याकडे जिला अर्धेली किंवा बटाई म्हणतात तीच, पण अधिक बांधीव. मालकाची इस्टेट तुकड्यांत वाटलेली असे आणि दर तुकड्यावर एक दगडी घर. त्या घरात कुळाचे सबंध खटले राहावयाचे. जमीन व घर मालकाचे, घाम कुळाचा, पीक निम्मे-निम्मे. एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि झाडांवर चढविलेले द्राक्षवेल असत, कारण कुटुंबाला वर्षभर तेथूनच खावयाचे असे. हिशेबाची वही कारभाऱ्याच्या हाती. कुळाला अक्षर येत नसेल तर वहीत काय लिहिले हे देव जाणे! नाताळात मालकाकडे कोंबडे पोहोचवावयाचे, ईस्टरला अंडी. घरात लग्न ठरले तरी मालकाची संमती लागे. आणि मालकाने 'जागा सोडा' अशी चिठ्ठी धाडली की सामान गाडीत भरून निघावयाचे. या विखुरलेल्या घरांना मालकाच्या वाड्याशी, गिरणीशी आणि देवळाशी जोडण्यासाठीच हे रस्ते होते. त्यांच्यावरून बैलगाड्या जात, आणि बहुतेक माणसे पायी.

ब्रोलियोचा किल्ला येथलाच. त्याचा धनी बॅरन बेत्तिनो रिकासोली १८६१ साली काव्हूरनंतर इटलीचा पंतप्रधान झाला. किआंतीच्या मद्यात कोणकोणत्या द्राक्षांचा मेळ घालावा हे त्यानेच १८७२ साली एका प्राध्यापकास पत्राने कळविले. आपल्या कुळांसाठी त्याने कडक नियमही केले होते. हल्ली एरोइकाच्या दिवशी पहाटेच्या अंधारात त्याच किल्ल्याच्या चढावर दिवे मांडतात आणि स्वार त्या उजेडात वर चढतात. दृश्य मनोहर असते खरे.

कुळांनी हे सारे मुकाट्याने सोसले असे कोणी समजू नये. १९०२ मध्ये सिएना जिल्ह्याच्या दक्षिण भागात कुळांचा संप झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९-२० मध्ये तोस्कानाभर लढे झाले, आणि लगोलग फॅसिस्टांच्या टोळ्यांनी संघटना लाठ्यांनी मोडून काढल्या. दुसऱ्या युद्धानंतर चळवळ पुन्हा उठली. कुळाने संप करावा कसा हा मोठा बिकट प्रश्न, कारण पीक वाया गेले तर निम्मे नुकसान त्याचेच! म्हणून त्यांनी डोके लढविले. नाताळची कोंबडी मालकाच्या दारी न नेता इस्पितळांतील आजाऱ्यांना दिली. १९४७ च्या तहात कुळाचा वाटा शेकडा ५३ झाला. आकडा लहान दिसतो. पण पिढ्यान्‌पिढ्या अढळ मानलेला निम्मा प्रथमच हलला होता.

याच मुलखातून १९४४ च्या उन्हाळ्यात आपली माणसेही गेली आहेत. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाचा वाडा आहे. तेथे लपविलेली बोत्तिचेल्लीसारख्यांची अमोल चित्रे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीच्या मुक्कामात सापडली. आणि पूर्वेस तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साताऱ्या-कुलाब्याकडील खेड्यांतून गेलेल्या या शिपायांना ते डोंगर आणि तेथली वाट्याची शेती फार परकी वाटली नसेल.

सायकलीची थोर कथा मात्र १९४८ ची. त्या वर्षी १४ जुलैला कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि देशभर हरताळ पडला. सिएना जिल्ह्यातच, अमियाता डोंगरावरील पाऱ्याच्या खाणीच्या कामगारांनी टेलिफोनचे केंद्र ताब्यात घेतले. तिकडे फ्रान्समध्ये, किआंतीच्या वेशीवरील पोंते आ एमा गावचा जीनो बार्ताली दुसऱ्या दिवशी आल्प्सचा टप्पा जिंकून गेला आणि पुढे सबंध शर्यतही. बार्तालीने इटलीला यादवीतून वाचविले असे तेव्हापासून सांगतात. मला ही गोष्ट लोकांना आवडते म्हणून टिकली असे वाटते. हरताळ १६ तारखेला कामगार महासंघानेच मागे घेतला. त्या निर्णयाचा मान एका सायकलपटूला देण्यात वर्तमानपत्रांची सोय होती. बार्तालीचा मोठेपणा त्यावर अवलंबूनही नाही.

१५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार बंद झाले आणि चालू करारांत कुळाचा वाटा शेकडा ५८ झाला. १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडात बदलण्याची वाट मोकळी केली. पण कायदा पोहोचला तोवर घरे रिकामी होऊ लागली होती. तरुण पोरे पोज्जिबोन्सीच्या कारखान्यांत आणि फ्लॉरेन्सला निघून गेली. ठराविक तासांची पाळी, हाती रोख पगार, घरी नळाचे पाणी; मुली तर डोंगरातल्या शेतकऱ्याशी लग्नच करावयास तयार नव्हत्या. रस्त्यावर माणूस नाही तर डांबर कोणासाठी घालावयाचे? म्हणून पांढरे रस्ते पांढरे राहिले.

मागाहून भांडवल आले. मिश्र शेती जाऊन ट्रॅक्टर चालेल अशा सरळ ओळींचे नुसते द्राक्षमळे आले, आणि दगडी घरे शहरी व परदेशी धनिकांनी विकत घेऊन सजविली. वेलांवरची द्राक्षे काढावयास मात्र आजही माणसेच लागतात. ती पुष्कळशी पूर्व युरोपातून व आफ्रिकेतून हंगामापुरती येतात. मुकादमांच्या मार्फत अशा मजुरांची पिळवणूक इटलीत इतकी बोकाळली की २०१६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, आणि मुकादमाबरोबर मालकालाही शिक्षेस पात्र ठरवावे लागले.