दाबविद्युत् मापन

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार प्रकट होतो. या आविष्काराला दाबविद्युत् म्हणतात. हा भार अत्यल्प असून मार्ग मिळेल तेथून निघून जातो. त्यामुळे तो न गमावता मोजणे हाच या मापनाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न राहिला आहे.

झाक क्यूरी (१८५५–१९४१) व प्येअर क्यूरी (१८५९–१९०६) या बंधूंनी १८८० मध्ये पॅरिस येथे तोरमल्ली, क्वॉर्ट्‌झ, पुष्कराज, रोशेल लवण इ. स्फटिकांत हा आविष्कार शोधून काढला. क्वॉर्ट्‌झवरील भार प्रेरणेच्या प्रमाणात असतो, हे दिसून आल्यावर स्फटिक हेच मापनाचे साधन बनले. मारी क्यूरी यांनी १८९८ मध्ये युरेनियमाच्या किरणांमुळे हवेतून वाहणारा प्रवाह (अँपिअरच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागाच्या पातळीचा) याच रीतीने मोजला. क्वॉर्ट्‌झच्या पट्टीला वजनाने ताण देऊन तिच्यावरील भाराने प्रवाहाचा भार निष्प्रभ करावयाचा, विद्युत् मापकाचा दर्शक शून्यावर धरून ठेवावयाचा व लागलेला वेळ मोजावयाचा, अशी ही पद्धती होती. विद्युत् मापक केवळ शून्य दाखविण्यापुरता उरल्याने त्याच्या मापनश्रेणीतील दोष निष्कर्षात येत नसत. पिचब्लेंड हे खनिज युरेनियमाहून अधिक क्रियाशील आहे, हे या आकड्यांवरून ठरले व त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध लागला. या शोधाच्या लोकप्रिय वर्णनांत क्वॉर्ट्‌झच्या पट्टीचा सहसा उल्लेखही नसतो.

पुढे स्फटिकाची भूमिका पालटली व तोच मापनाचा विषय झाला. डी. ए. कीज यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्फोटातील दाब दाबविद्युत् स्फटिकाने मोजला होता. क्षणिक दाबासाठी हे पुरेसे होते. मंद बदल मोजताना मात्र भार आधीच निघून जाई. शिवाय जोडतारेची विद्युत् धारणा आड येई. १०० न्यूटन प्रेरणेमुळे क्वॉर्ट्‌झवर सुमारे २३० पिकोकुलंब भार येतो. एकूण धारणा १०० पिकोफॅराड असल्यास २.३ व्होल्ट दाब मिळतो; परंतु ३०० पिकोफॅराड धारणेची तार जोडताच तो ०.६ व्होल्टपेक्षाही कमी होतो. म्हणजे तार बदलली की मापनही बदलते.

वॉल्टर किस्टलर या स्विस भौतिकीविज्ञांनी १९५० मध्ये एकस्व घेतलेल्या भार-विवर्धकाने ही अडचण दूर केली. यात प्रदानाचा भाग धारित्रामार्फत पुन्हा आदानाकडे वळविलेला असतो. सर्व भार त्या धारित्रावर जमा होतो व तारेच्या धारणेचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. टेफ्लॉनसारखे उत्कृष्ट निरोधक व क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर उपलब्ध झाल्यावर १९६० नंतर या विवर्धकाचा प्रसार झाला. त्याच दशकात विवर्धक संवेदकाच्या कवचातच बसविण्याची पद्धतही रूढ झाली.

अंकीय नोंदयंत्रणा आल्यावर जुनाच दोष नव्या रूपात दिसू लागला. अशा यंत्रणेचा आदान रोध पुष्कळदा १ मेगओहम असतो. वरील ४०० पिकोफॅराडच्या मंडलात त्यामुळे कालांक अवघा ०.४ मिलिसेकंद होतो व सु. ४०० हर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रतेचे संकेत क्षीण होतात. दर्शकावर अनेक अंकस्थाने दिसली, तरी गेलेला भार त्यांत नसतो. एकच परिवर्तक आळीपाळीने अनेक वाहिन्यांना जोडला जात असल्यास आधीच्या वाहिनीचा अवशिष्ट भारही पुढच्या मापनात मिसळतो. तार हलल्याने घर्षणातून उत्पन्न होणारा भार वेगळाच. त्यासाठी निरोधकावर ग्रॅफाइटाचा थर दिलेल्या तारा वापरतात. भार-विवर्धक संवेदकाजवळ ठेवणे व जोडण्या कोरड्या आणि स्वच्छ राखणे या गोष्टी संगणकयुक्त मापनातही आवश्यक आहेत.