परळचे उंदीर आणि ‘वाढ’ म्हणणारं प्रोटीन

कॅन्सर म्हटलं की बाहेरून आत घुसलेला कोणीतरी शत्रू डोळ्यासमोर येतो. खरं तर ‘वाढ’ हा निरोप आपलं शरीर रोजच पाठवत असतं. बोट कापलं तर जखम भरते ती त्यामुळेच! हा निरोप नेणाऱ्या प्रोटीनना म्हणतात ग्रोथ फॅक्टर, आणि पेशीवर तो घेणारा असतो रिसेप्टर. काम झालं की निरोप बंद, पेशी गप्प. कॅन्सरमध्ये बिघडतं ते हे गप्प होणं. आमच्या धंद्याच्या भाषेत, एक्झिट कंडिशन नसलेला लूप.

हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि त्या वाटेवर आपलं परळही लागतं.

डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७, पुणे. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. त्यानंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे, म्हणजे ज्यांनी प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवल्या त्यांच्याच लॅबमध्ये. तिथे रमल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. पण बाई परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी काचेत वाढवण्याची लॅब उभी केली.

त्यांचा एक मोठा विषय होता स्तनांचा कॅन्सर, आणि साधन होतं उंदीर. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं, की कॅन्सरवाल्या वाणाची पिल्लं दुसऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली तर त्यांच्यात कॅन्सर कमी होतो. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. तो निघाला व्हायरस. पण नुसता व्हायरस पुरत नाही. आनुवंशिकता, हार्मोन आणि व्हायरस यांचा मेळ बघायला हवा, ही रणदिव्यांच्या कामाची दिशा.

व्हायरस करतो काय, ते १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी शोधलं. तो स्वतःचा कॅन्सर जीन आणतच नाही! उंदराच्याच एका जीनशेजारी जाऊन बसतो आणि स्तनात एरवी झोपलेला तो जीन जागा करतो. त्यातून तयार होतं वाढीचा निरोप देणारं प्रोटीन, आजचं डब्ल्यूएनटी-१. अशाच दुसऱ्या जागेवरचा जीन तर चक्क फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टरच्या घराण्यातला निघाला.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे उंदरांचं आहे. माणसात आईच्या दुधातून कॅन्सर जातो असं सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका थोडा कमीच होतो. आमच्या औशाकडे ‘गाठ’ हा शब्द अजून दबक्या आवाजात निघतो, बाई महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही, आणि मग लातूर-बार्शीच्या चकरा सुरू होतात तेव्हा उशीर झालेला असतो. अशा घरात अर्धवट माहिती पोचायला नको.

आणि पूर्ण माहितीचा उपयोग होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हर-टू हा रिसेप्टर पेशीवर भरमसाट असतो. त्यालाच अडवणारं ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०१३ मध्ये त्याच्या भारतीय आवृत्तीला परवानगी मिळाली. म्हणून रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ दिसलं तर हातपाय गाळू नका. डॉक्टरांना विचारा, यावरचं औषध कुठलं आणि कुठल्या योजनेत बसतं?

रणदिवे २००१ मध्ये गेल्या. १९८२ चं पद्मभूषण त्यांना मिळालं, त्याच वर्षी उंदरांचं कोडं सुटलं. योगायोगच, दुसरं काय!