तहतानियापासून प्रशालेपर्यंत

परभणी जिल्ह्यातील खेड्यात 'प्रशाला' म्हटले की जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर येते. निजामी राजवटीत मात्र सरकारी शाळेला मदरसा म्हणत. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, मिडल स्कूल म्हणजे वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. अर्थ साधा होता : खालची, मधली, वरची. खेड्याच्या वाट्याला आलीच तर खालची येई.

1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण ती देशी भाषा उर्दू होती. सरकारी हायस्कुलांचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे मराठी घरातील मुलापुढे दोन अडचणी उभ्या राहत : शाळा दूर आणि तिची भाषाही दूर. सातोन्यात 1913 साली जन्मलेले कवी बी. रघुनाथ यांचेही शिक्षण हैदराबादेत झाले. बहुसंख्य मुलांना मात्र तेवढे जाणे झेपत नव्हते. हा अन्याय होता, हे आम्ही आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. त्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबे होरपळली. पुढे शाळांची भाषाही बदलली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शाळा खेड्याच्या जवळ सरकली, पण आता फेरा उलटला. घरी दखनी आणि फळ्यावर मराठी, अशी वेळ आमच्या मुलांवर आली. उर्दू शिकायचे तर बहुधा तालुक्याला जायचे. काहींनी शाळा सोडली. जे टिकले, ते त्याच बाकावर मराठी लिहायला शिकले. आज आम्ही मराठीत लिहितो, त्याचे मूळ त्या बाकावर आहे.

भाषेचा प्रश्न पुष्कळ निवळला, अंतराचा उरला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पिण्याचे पाणी, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, ग्रंथालय, मैदान या गोष्टी शाळेत असल्याच पाहिजेत, असे तो सांगतो. पण त्याचा हक्क सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंतचा. नववी-दहावी त्याच्या बाहेर राहिली. 2009 च्या माध्यमिक शिक्षण अभियानाने पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळेचे उद्दिष्ट ठेवले. मुलींना एसटीचा मोफत पासही मिळाला. तरी पाच किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात ओढा ओलांडणे आणि बस चुकली तर पायपीट. मुलगा जातो. मुलीच्या बाबतीत घरात विचार सुरू होतो, आणि विचार लांबला की दप्तर खुंटीला लागते.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. त्या जागांवर आमच्या किती माता बसतात? स्वच्छतागृहाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, नववीचा वर्ग गावात केव्हा येणार, हे त्यांनी विचारले पाहिजे. एकेकाळी वरची शाळा भाषेमुळे शेजाऱ्याच्या मुलाला दुरावली होती, पुढे आमच्या मुलाला दुरावली. आता ती अंतरामुळे आमच्या मुलीला दुरावू नये.