शब्दवेध : पिन

कर्नेलवर, म्हणजे संगणक प्रणालीच्या गाभ्यावर, काम करणारी माझी पुतणी कामाविषयी बोलताना 'पेज पिन केले' असे वारंवार म्हणते, आणि ते ऐकताना हा इवलासा शब्द कोठून आला याचे कुतूहल मनात दाटून येते. लॅटिनमधील 'पिन्ना', म्हणजे पीस अथवा टोक, यातून तो इंग्रजीत खुंटीच्या अर्थाने रुजला असे मानतात. पुढे धातूची बारीक टाचणी होऊन तो आपल्या कचेऱ्यांच्या दप्तरांतही शिरला. विलक्षण योग असा की, आपले 'पान' ज्या 'पर्ण' शब्दापासून आले, त्याचाही संस्कृतात पीस असा अर्थ आहे. आणि 'पेज'चे मूळ तर 'पांगेरे' या लॅटिन क्रियापदात, म्हणजे घट्ट बसविण्यातच आहे.

चंचलाला स्थिर करणे हाच संगणकातीलही भाव. एखादे उपकरण वापरकर्त्याच्या स्मृतिपृष्ठावर परस्पर लिहीत असता ते पृष्ठ जागेवरून हलू नये, म्हणून कर्नेल ते टाचून ठेवते. पूर्वी नुसते धरलेले पृष्ठ आणि टाचलेले पृष्ठ हा भेद नोंदीत उमटत नसे. २०२० मधील लिनक्स ५.६ या कर्नेलच्या आवृत्तीने 'पिन यूजर पेजेस' ही स्वतंत्र तजवीज केली, जीत सुट्या पृष्ठाच्या वापराच्या गणनेत प्रत्येक टाचणीमागे १०२४ ची भर पडते आणि काम सरताच 'अनपिन' करण्याची सक्त ताकीद असते.

आज मोबाइलवर आपण संदेश 'पिन' करतो, नकाशावर ठिकाण 'पिन' करतो. वाहत्या काळात काही क्षण तरी जागेवर राहावे, ही माणसाची जुनी आस त्या दोन अक्षरांत अजून टिकून आहे.